टाकीचं झाकण

शनिवार सकाळ. चहा झालाय, पेपर वाचून झालाय, आणि आठवडाभर मनात घोळत असलेला एक विषय लिहून टाकायचाय. विषय आहे डिझेल इंजिन. घाबरू नका, शेवटी गाडी आपल्याच धंद्यावर येणार आहे. या आठवड्यात ऑफिसात एका बगवरून जो गोंधळ झाला, त्यावरून मला आमच्या नानांचं इंजिन आठवलं. आणि ते आठवलं की मला अजूनही थोडी लाज वाटते.

नाना म्हणजे माझे मोठे काका. राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. पुण्यातल्या मित्रांना गावाचं नाव सांगितलं की "नाशिकजवळचं का रे?" असा प्रश्न हमखास येतो. नाही बाबांनो, ते पिंपळगाव बसवंत. आमचं पिंपळगाव रेणुकाईचं, आणि त्याची ओळख हिरव्या मिरचीच्या बाजाराची. हंगामात तिथला बाजार एकदा बघाच. पोत्यांच्या थप्प्या, ट्रकांच्या रांगा आणि हवेत असा ठसका की नवखा माणूस बोलता बोलता शिंकायला लागतो.

तर ही उन्हाळी मिरची लावतात एप्रिल-मेमध्ये, मल्चिंग पेपर आणि ठिबकवर. तेव्हा रोप लहान असतं, पारा चाळिशीपार असतो आणि पाणी शेततळ्याच्या तळाशी गेलेलं असतं. हे दोन महिने ज्याने रोप जगवलं त्याला पुढे पैसे. बाकीच्यांना मल्चिंग पेपरचं बिल.

गोष्ट मे २०२४ ची. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात भोकरदन होता. नानांनी तरीही दीड एकर मिरची लावली, शेततळ्यातल्या पाण्याच्या भरवशावर. आणि लागवडीनंतर दहा-बारा दिवसांत डीपी जळाली. गावाकडे डीपी जळाली म्हणजे काय ते शहरात कळत नाही. आपल्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टर लागतो. तिकडे डीपी गेली की नवी येईपर्यंत दिवस मोजायचे, आणि दिवस मोजायला दोन पानी रोपाकडे वेळ नसतो.

मग शेडमधलं जुनं इंजिन बाहेर निघालं. पाच-सहा हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना मोठी चाकं असलेलं लिस्टर टाइप. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या आसपास काढलेल्या इंजिनाची ही जात, आणि तिच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी इतकी वर्षं बनवल्या की मूळ कुठलं हे कुणाला आठवतही नाही. महाराष्ट्राने डिझेल इंजिनाचं वेड तसं लवकर लावून घेतलं. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिनं तयार होत होती (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते!). १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वीज पोचायच्या आधी खेडोपाडी पाणी पोचलं ते या इंजिनांमुळे. आमच्या आजोबांच्या पिढीत विहिरीत खाली कट्टा बांधून त्यावर इंजिन उतरवायचे, कारण पंप वरून जास्त खोलातलं पाणी ओढू शकत नाही. त्या धुराने विहिरीत माणसं गेल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. कुणी करत असेल तर कृपा करून करू नका.

असो. तर इंजिन शेततळ्याच्या बांधावर आणलं, पट्टा चढवला, हँडल मारलं, सुरू झालं. टुक टुक टुक टुक... आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा ताल चुकायला लागला. एक ठोका खाल्ला, दोन खाल्ले, पांढरट धुराचा भपका, आरपीएम वर-खाली, आणि बंद. दहा मिनिटं थांबून परत हँडल मारलं की परत सुरू. परत बंद.

मिस्त्री येऊन गेला. त्याने झाकण उघडून डिझेल बघितलं, हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, कान देऊन ऐकलं, आणि निदान केलं: नोझल गेलं, प्लंजर पण गेलंय, रिंगा बघाव्या लागतील, खोलायचंच असेल तर पूर्ण काम करून घ्या, दहा-बारा हजार धरा. नानांनी मला फोन केला. मी त्यांच्या घराण्यातला 'इंजिनिअर' ना! मी सॉफ्टवेअरवाला आहे ही बाब गावाकडे गौण असते. प्रिंटर, टीव्हीचा रिमोट, मोटरसायकल, सगळं आमच्याच खात्यात.

खरं सांगू? मला गुदगुल्याच झाल्या. कॉलेजात असताना मी डिझेल इंजिनावर बरंच वाचलं होतं. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी सकाळी सिल्लोड-भोकरदनमार्गे गावात हजर.

आता थोडी थिअरी. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण पुढची गंमत मग कळणार नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा १६-१७ पट दाबतो, त्या दाबाने हवा इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा गेला की आपोआप पेट घेतो. म्हणजे लागतं काय? भरपूर हवा, पुरेसं कॉम्प्रेशन, आणि योग्य वेळी, योग्य मापात, बारीक फवाऱ्यात डिझेल. बस. वायरिंग नाही, प्लग नाही, सेन्सर नाही. नानांचं इंजिन साडेसहाशे आरपीएमवर चालतं आणि दोन फेऱ्यांत एकदा डिझेल घेतं, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे फवारे. तासाला एक लिटर खर्च धरला तर एका फवाऱ्याला जेमतेम एक थेंब येतो. नोझलमधून तो थेंब वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाबाने जातो. (म्हणूनच नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्यापुढे हात कधीही धरू नये. तो फवारा कातडीतून आत घुसतो, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.)

आजाराची लक्षणं धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल नीट न पेटता तसंच बाहेर पडतंय: कॉम्प्रेशन कमी, वेळ चुकलेली, डिझेलमध्ये पाणी, किंवा पुरवठा तुटक. पाइपात हवा शिरली असेल तरी इंजिन ठोके खातं, कारण द्रव दाबला जात नाही पण हवा दाबली जाते. पंप हवेचा बुडबुडा नुसताच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. अशा वेळी फिल्टरचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे बंद होईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं. याला 'एअर काढणे' म्हणतात, आणि हे गावात दहावीतल्या पोराला पण येतं.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही मी काय केलं? ऐका.

मी पोचलो तेव्हा नाना बांधावर बसले होते. म्हणाले, "हे पाय, टाकी अर्धी असली का पंधरा-वीस मिनिटं चालतं. काठोकाठ भरली का पाच मिनिटातच बंद पडायलंय. टाकी भरली का लवकर बंद पडतं हे इंजिन."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "नाना, उलट असेल. डिझेल कमी असलं की बंद पडतं. भरलेल्या टाकीने इंजिन कसं बंद पडेल?"

"मला काय म्हाईत कामून पडतं. पडतं येवढं खरं."

आणि मी बाह्या सरसावून कामाला लागलो. डिझेल फिल्टर काढला. आत काळा गाळ, बहुधा दहा वर्षांचा. (ठिबकचा फिल्टर नाना रोज धुतात, कारण तो तुंबला की रोप मरतं हे डोळ्यांना दिसतं. डिझेलचा फिल्टर कुणाला दिसत नाही.) नवा फिल्टर टाकला. हवेचा फिल्टर साफ केला. भोकरदनहून नवं नोझल आणलं, तेही बसवलं. पाइपांचे वॉशर बदलले. टाकीत नरसाळं ठेवून नवं डिझेल ओतलं, एअर काढली, हँडल मारलं. इंजिन असं सुरू झालं की बस! दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. दीड एकराला पाणी पोचलं. काकूंनी पुरणपोळी केली. मी ओट्यावर बसून चुलतभावाला, म्हणजे दादाला, मेंटेनन्सवर लेक्चर दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण.

रविवारी सकाळी मी पुण्याला निघालो. रात्री फोन. "बंद पडलं रे बापू. पाच मिनिटं पण नाही चाललं. तू असला का चालतं, गेला का बंद पडतं."

आपल्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. 'तुम्ही बघताय तेव्हा नीट चालतंय हो, एरवी हँग होतं.' आणि प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर दिलेलं आहे: युजरची काहीतरी चूक असणार.

सोमवारी मला रजा नव्हती. सकाळी सातला नाना बांधावर, दादा शेजारी मोबाइल धरून, आणि मी कोथरूडमध्ये चहाचा कप घेऊन. शिवारात रेंज तुटक, व्हिडिओ चालेना, नुसता आवाज. माझ्या हातात पाना नव्हता, इंजिन डोळ्यांना दिसत नव्हतं. आणि गंमत अशी की त्यामुळेच मी पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं केलं. हात लावता येत नव्हता, म्हणून विचारावं लागलं.

आणि विचारायला लागल्यावर मला माझीच चोरी सापडली. शनिवारी मी पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या. इंजिन चाललं ते पाचातल्या कशामुळे, हे मला माहीत नव्हतं. आता बंद पडलं तर पाचातलं काय बिघडलं, हेही सांगता येत नव्हतं. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने एका कमिटमध्ये पाच बदल करून 'आता चालतंय' असं म्हटलं असतं तर मी त्याला काय काय सुनावलं असतं!

मग मी वहीत नुसती निरीक्षणं लिहिली. मत नाही, फक्त दिसलेलं.

एक. सुरू लगेच होतं. म्हणजे कॉम्प्रेशन बरं असणार. रिंगा गेलेलं इंजिन थंड असताना एवढ्या सहज सुरू होत नाही.

दोन. काळा धूर नाही, निळा नाही. बंद पडताना फक्त पांढरा. म्हणजे डिझेल जास्त होत नाहीये, कमी पडतंय.

तीन. थोडं थांबलं की परत चालतं. मोडलेला पार्ट दहा मिनिटांत बरा होत नाही.

चार. मिस्त्री आला तेव्हा चाललं, मी होतो तेव्हा चाललं. आम्ही दोघांनी केलेली समान गोष्ट कोणती?

पाच. टाकी भरली की लवकर बंद पडतं.

पाचव्या ओळीशी येऊन मी थांबलो. ज्याला मी शनिवारी हसलो होतो, ते वाक्य. आणि एकदम अंगावर काटा आला. मिस्त्रीने आल्या आल्या काय केलं होतं? झाकण उघडून डिझेल बघितलं होतं. मी काय केलं होतं? दिवसभर टाकीच्या तोंडात नरसाळं ठेवलं होतं!

टाकीतून डिझेल खाली उतरतं ते आपल्या वजनाने. पण डिझेल जेवढं कमी होईल तेवढी हवा वरून आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद असेल तर आतली हवा विरळ होत जाते आणि डिझेलला वर धरून ठेवते. सरबताच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवून वरचं तोंड बोटाने बंद केलं की आतलं सरबत जसं खाली पडत नाही, तसं.

आता हिशोब बघा. टाकी इंजिनाच्या पंपापेक्षा दीडेक फूट वर. तेवढ्या उंचीच्या डिझेलचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम चार टक्के. म्हणजे टाकीतली हवा चार टक्क्यांनी विरळ झाली की उतार संपला. दहा लिटरची टाकी अर्धी असेल तर वर पाच लिटर हवा. तिचे चार टक्के म्हणजे २०० मिलि डिझेल, तासाला एक लिटरच्या हिशोबाने बारा मिनिटं. टाकी काठोकाठ असेल तर वर हवा अर्धा लिटर. तिचे चार टक्के २० मिलि, मिनिट-सव्वा मिनिट. झाकण थोडंफार गळत असणारच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जास्त. पण प्रमाण बघा! नानांचं 'भरली का लवकर बंद पडतं' हे अंधश्रद्धा नव्हती. ते बॉइलचा नियम सांगत होते, आणि मी इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन त्यांना हसत होतो.

तरीही मी लगेच 'झाकण उघडा' म्हटलं नाही. एवढी अक्कल तोपर्यंत आली होती. अंदाज बरोबर आहे की नाही हे आधी बघायचं, मग दुरुस्ती. फोनवर म्हटलं, "नाना, टाकीला कुणीही हात लावू नका. इंजिन सुरू करा. ठोके खायला लागलं की फिल्टरचा स्क्रू ढिला करा. बाकी काही नाही."

हिशोब सरळ होता. पुरवठ्याची साखळी अशी: टाकी, फिल्टर, पंप, नोझल. मधोमध फिल्टरवर तपासलं की कळतं, दोष अलीकडे आहे की पलीकडे. स्क्रूमधून डिझेल नीट वाहिलं तर टाकी निर्दोष. नाही वाहिलं तर पुढचं सगळं निर्दोष, मिस्त्रीचं प्लंजर आणि माझं नोझल दोन्ही. आपण बायनरी सर्च म्हणतो, गिट बायसेक्ट म्हणतो, तेच.

फोनवर टुक टुक टुक. सहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग ताल चुकला. "ढिला केला," नानांचा आवाज. "काहीच नाही येत रे... थांब थांब. उलट आतच ओढायलंय. बुडबूड वाजायलंय पाइपात."

"आता झाकण उघडा."

आणि फोनवर मला ते ऐकू आलं असं मी म्हणणार नाही, इंजिनाच्या आवाजात शक्य नव्हतं. पण दादाचा ओरडा ऐकू आला. "सुस्स् केलं रे त्यानं! यायलंय, डिझेल यायलंय!"

झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी होती, घडी घालून घट्ट बसवलेली. कुणी लावली? नानांनीच. दोन वर्षांपूर्वी शेड गळत होतं, झाकणाच्या भोकातून टाकीत पाणी गेलं, नोझल खराब झालं, खर्च झाला. मग नानांनी पिशवी लावली. अगदी योग्य केलं. पावसाळ्यात उभ्या इंजिनाला ती पिशवी हवीच. पुढे इंजिन चाललंच नाही, नाना विसरले. मे महिन्यात दादाने डिझेल भरताना पिशवी बघितली, वाटलं नानांनी लावलीय म्हणजे काहीतरी कारण असणार, आणि भरून झाल्यावर इमानेइतबारे परत लावली. दोघांचंही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. एका जुन्या बगचा उपाय कुठेही न लिहिता राहून गेला, आणि तोच नवा बग झाला. आपल्या कोडमध्ये अशा किती पिशव्या आहेत, देव जाणे.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं रामायण.

आपण पैसे देतो ते बदललेल्या पार्टचे. शोधण्याचे देत नाही. मिस्त्रीने अर्धा दिवस बसून, ऐकून, विचारून शेवटी पिशवी काढली असती, तर नानांनी त्याला किती दिले असते? खरं सांगायचं तर चहा. दोनशे रुपये दिले असते तरी गावभर सांगितलं असतं की नुसती पिशवी काढायचे दोनशे घेतले. तेच त्याने नोझल, प्लंजर, रिंगा बदलून बारा हजार घेतले असते तर ते रास्त वाटलं असतं, कारण जुने पार्ट पोत्यात भरून हातात मिळाले असते. मग त्याने पार्टच बदलावेत यात नवल काय? तो लबाड नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्याला तसं शिकवलंय.

आणि आपलं वेगळं आहे का? तीन दिवस लॉग वाचून एक ओळ बदलणारा माणूस स्टँडअपमध्ये 'अजून बघतोय' म्हणतो तेव्हा मॅनेजरचा चेहरा आठवा. आणि जो पहिल्याच दिवशी सर्व्हर रीस्टार्ट करतो, मेमरी वाढवतो, लायब्ररीचं व्हर्जन बदलतो, त्याला आपण 'प्रोअॅक्टिव्ह' म्हणतो. मी शनिवारी प्रोअॅक्टिव्ह होतो. नोझलचे पैसे नानांचे गेले.

याला दुसरी बाजू आहे, ती पण सांगतो. माझ्या टीममधला एक मित्र हर्णैचा, घरात मासेमारीची बोट. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "समुद्रात असतास तर मी पण पाचही गोष्टी एकदम बदलल्या असत्या." बरोबर आहे त्याचं. बोटीवर इंजिन ठोके खायला लागतं ते बरोबर वाईट हवेत, कारण लाटांनी टाकी ढवळून तळाचा गाळ फिल्टरमध्ये येतो. बोट हेलकावे खातेय, बाजूला खडक आहेत, अशा वेळी निदान करत बसायचं नसतं. फिल्टर बदला, एअर काढा, बंदर गाठा. पण पुढे तो म्हणाला ते महत्त्वाचं. बंदरात आल्यावर त्याचे वडील इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या नोझलचा नट क्षणभर ढिला करून बघतात. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामच करत नव्हता. एका वेळी एकच. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा टाक्या उपसतात, धुतात, हवेच्या नळीचं तोंड मोकळं आहे ना ते बघतात, कारण तिथे कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते. म्हणजे त्यांच्याकडेही पिशवी आहेच, फक्त ती माशी लावते. :)

तेव्हा नियम असा नाही की घाईत पार्ट बदलू नयेत. घाईत बदला. पण घाई संपल्यावर परत या, आणि खरं कारण काय होतं ते शोधा. आपण परत येत नाही, हा आपला रोग आहे. मी शनिवारी रात्री पुरणपोळी खाण्याऐवजी झाकण लावून वीस मिनिटं इंजिन चालवून बघितलं असतं तर?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. नानांनी मला पहिल्या पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं. त्यांना कारण माहीत नव्हतं, आणि तसं ते प्रामाणिकपणे म्हणालेही. मी त्यांचं निरीक्षण फेकून दिलं, कारण ते माझ्या डोक्यातल्या चित्रात बसत नव्हतं. जो माणूस त्या इंजिनाशेजारी तीस वर्षं बसलाय, त्याचा खुलासा चुकू शकतो, पण त्याने बघितलेलं सहसा चुकत नाही. 'भरली का बंद पडतं' हे विचित्र वाटलं, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. जे निरीक्षण विचित्र वाटतं, त्यातच खरी माहिती असते. बाकीचं सगळं तर आपल्याला आधीच पटलेलं असतं.

मिरची जगली. थोडी रोपं गेली, नांग्या भरल्या. डीपी पुढे आठवड्याभराने आली. आता शिवारात सौर पंप दिसायला लागलेत, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्येच आली, नानांनी पण अर्ज केलाय. तेव्हा हे इंजिन आणखी किती हंगाम बाहेर निघेल सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा शेडमध्ये मुद्दाम जाऊन बघितलं. टाकीवर दादाने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: 'पावसाळ्यात पिशवी लावणे. चालवताना काढणे.' खाली तारीख.

मी नानांना म्हटलं, "हे बरं केलं."

नाना म्हणाले, "तुझ्यासाठी लिव्हलंय. आम्हाला म्हाईत हाये आता."